दुसऱ्यासाठी घेतलेले घर

पुण्यामुंबईच्या कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या आवारात दिवेलागणीच्या वेळी उभे राहून वर पाहिले, तर उजळलेल्या खिडक्यांच्या रांगांत मधूनमधून काही खिडक्या वर्षानुवर्षे अंधाऱ्याच राहिलेल्या दिसतात. त्या घरांचे मालक सर्वच परदेशी गेलेले असतात असे नाही. पुष्कळदा ते त्याच शहरात, दोनचार मैलांच्या अंतरावर, आपल्या राहत्या घरी सुखाने नांदत असतात, आणि आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेल्या या दुसऱ्या घराला कुलूप घालून दरमहा त्याचा मेंटेनन्स मात्र नेमाने भरीत असतात. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत 1 कोटी 10 लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली, आणि त्याच शहरांत नोकरीसाठी आलेली हजारो माणसे एका खोलीत चौघे-पाचजण पथाऱ्या टाकून राहत होती. घर भाड्याने का देत नाही, असे अशा मालकाला विचारले तर उत्तर बहुधा एकच मिळते: भाडेकरू एकदा आत आला की बाहेर निघत नाही.

ही भीती कोणी उगाच पसरविलेली नव्हे, तिला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1918 साली, मुंबईत घरभाड्यावर प्रथम कायदेशीर निर्बंध आले. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा आले, आणि 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने त्यांना असे रूप दिले की, 1 सप्टेंबर 1940 रोजी ज्या जागेचे जे भाडे होते तेच सामान्यतः पुढे प्रमाण भाडे म्हणून कायम झाले. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला. या अर्धशतकात धान्याचे, मजुरीचे, सिमेंटचे दर कोठल्या कोठे गेले. भाड्याचा आकडा तेवढा जागच्या जागी राहिला, आणि पुण्याच्या पेठांतील वाड्यांतून व गिरगाव-परळच्या चाळींतून असे दृश्य दिसू लागले की, डागडुजी परवडत नाही म्हणून मालक ती करीत नाही, आणि एवढ्या भाड्यात दुसरीकडे आसरा नाही म्हणून भाडेकरू जागा सोडीत नाही. जागा देताना भाड्याशिवाय एकरकमी घेतली जाणारी पागडी याच अडचणीतून आली. या कोंडीतून सुटण्यासाठी मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी केवळ राहण्याची परवानगी देणारा लिव्ह अँड लायसन्सचा करार जवळ केला. परंतु 1973 साली विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून, 1 फेब्रुवारी 1973 रोजी अशा परवान्यावर जो राहत असेल तो भाडेकरूच समजावा, असे ठरविले. एका तारखेने हजारो मालकांचा भरवसा गेला, आणि ज्यांचा गेला त्यांनी ती गोष्ट मुलांना, मुलांनी नातवंडांना सांगितली.

पुढची गोष्ट मात्र घराघरांत तितकीशी सांगितली गेली नाही. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठविलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचा निर्णय दिला, आणि मुंबई व पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ, मराठवाडा अशा तिन्ही भागांतील निरनिराळे जुने कायदे बाजूस सारून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा एकच कायदा 31 मार्च 2000 पासून सर्व राज्यात अमलात आला. नवख्या मालकाने या कायद्यातील दोन कलमे स्वतः वाचावीत, दलालाच्या तोंडून ऐकू नयेत. कलम 24 असे सांगते की, राहण्यासाठी परवान्यावर दिलेल्या जागेची मुदत संपली आणि परवानाधारकाने जागा सोडली नाही, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. करारातील मजकूर हाच तेथे निर्णायक पुरावा मानला जातो, आणि जितके दिवस जागा अडवून ठेवली तितक्या दिवसांची नुकसानभरपाई ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने द्यावी लागते. कलम 55 असे सांगते की, हा करार लेखी असला पाहिजे, नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे; करार नोंदविलेला नसेल, तर अटींविषयी राहणारा माणूस जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते, आणि मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. ही दोन कलमे एकत्र वाचली म्हणजे ध्यानी येते की, कायद्याने मालकाच्या हाती एक चांगले साधन दिले आहे, पण ते फक्त दस्त करणाऱ्या मालकाच्या हाती दिले आहे. तोंडी बोलीवर, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर, घर देणारा मालक आजही 1973 च्याच अवस्थेत आहे.

येथे अकरा महिन्यांच्या प्रथेविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण ती इतकी रुजली आहे की पुष्कळांना तो कायद्याचाच नियम वाटतो. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. म्हणून मुदत वर्षाच्या आत ठेवावयाची आणि निबंधक कचेरीची पायरी चुकवावयाची, एवढाच या अकरा महिन्यांचा मूळ हेतू होता. महाराष्ट्रात कलम 55 आल्यापासून हा हेतू निकालात निघाला, कारण अकरा महिन्यांचा करारही येथे नोंदवावाच लागतो. तेव्हा चांगला माणूस मिळाला असता दोन किंवा तीन वर्षांचा करार करून त्यातच दरसालच्या वाढीचा आकडा लिहून टाकणे दोघांच्याही सोयीचे ठरते, आणि असा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. मुद्रांक शुल्काचे तर भय बाळगण्याचे कारणच नाही. संपूर्ण मुदतीचे भाडे आणि परत करावयाच्या अनामत रकमेवर दरसाल 10 टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ते अवघे पाव टक्का असते: दरमहा 15,000 रुपये भाडे, 50,000 रुपये अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत असेल, तर शुल्क सव्वाचारशे रुपयांच्या घरात येते, शहरी भागात नोंदणी फी 1,000 रुपये. एवढ्या रकमेसाठी लक्षावधींची मिळकत उघड्यावर टाकणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांची समजूत घालण्यात मला नेहमीच अपयश आले आहे.

भीतीचा विचार झाला. आता हिशेबाकडे वळू, कारण भीतीने जितकी घरे बंद ठेविली तितकीच माणसे चुकीच्या हिशेबाने कर्जात लोटली आहेत. समजा, पुण्याच्या एखाद्या उपनगरात सहकारी गृहनिर्माण संस्थेतील एक जुना, एका शयनगृहाचा फ्लॅट 40 लाख रुपयांस मिळत आहे आणि त्याचे भाडे दरमहा 13,000 रुपये येईल असे एजंट सांगतो. वर्षाचे 1 लाख 56 हजार, म्हणजे जवळजवळ चार टक्के, असे गणित एजंट तेथेच करून दाखवितो आणि ऐकणाऱ्याचे मन निम्मे ठरते. परंतु घर 40 लाखांस पडत नाही. खरेदीखतावर पुणे शहरात 7 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 2 लाख 80 हजार. नोंदणी फी कमाल मर्यादेची, म्हणजे 30 हजार. दलाली एक टक्का धरली तरी 40 हजार. रंग, नळ, विजेची कामे मिळून 90 हजार धरले, तर घर हाती येईपर्यंत 44 लाख 40 हजार रुपये गेलेले असतात. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. ती घ्यावी, मात्र ज्या स्त्रीच्या नावे घर घेतले तिलाच त्याच्या भाड्यावर व निर्णयावर खरा अधिकार असावा.

आता उत्पन्नाकडे पाहू. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत वर्षातला महिनाभर घर रिकामे राहते असे धरणे शहाणपणाचे असते, म्हणून अकरा महिन्यांचे 1 लाख 43 हजार. त्यांतून सोसायटीचा मेंटेनन्स 18 हजार. मालक स्वतः राहत नाही म्हणून बिनभोगवटा शुल्क. हे संस्थेच्या सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही असा शासनाचा 1 ऑगस्ट 2001 चा आदेश आहे, तेव्हा ते फार तर 1,800. मिळकतकर 9 हजार धरू. पुणे महानगरपालिका स्वतः राहणाऱ्या मालकास जी 40 टक्क्यांची सवलत देते ती घर भाड्याने गेले की लागू राहत नाही, हे विक्रेत्याची जुनी पावती पाहून अंदाज बांधणारा खरेदीदार हमखास विसरतो. किरकोळ दुरुस्ती 8 हजार, भाडेकरू आणण्याची दलाली साडेसहा हजार. एकूण 43,300 वजा जाता हाती उरतात 99,700 रुपये. साडेचव्वेचाळीस लाखांच्या गुंतवणुकीवर हा परतावा सव्वादोन टक्के होतो. पुढे घराची किंमत वाढेल, भाडेही वाढेल, हे खरे. परंतु किंमत वाढण्याची आशा आणि दरमहा हाती येणारे उत्पन्न या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि संसाराचा खर्च आशेवर चालत नाही.

कर्ज काढून हा व्यवहार करणाऱ्यासाठी तर आकडे अधिकच कठोर आहेत. 30 लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 26,000 रुपये येतो, म्हणजे भाड्याच्या बरोबर दुप्पट. भाड्यातून हप्ता फिटेल, हे वाक्य आपल्या शहरांतील सर्वसाधारण घरांच्या बाबतीत सत्य नाही. हप्त्याचा अर्धा भाग, शिवाय मेंटेनन्स आणि कर, हे सर्व मालकाच्या पगारातूनच जावयाचे असते. आयकराचा लाभ होतो, पण तोही मर्यादेत. मिळालेल्या भाड्यातून प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा करावा, उरलेल्या रकमेतून दुरुस्ती केली असो वा नसो सरसकट 30 टक्के सूट घ्यावी, आणि कर्जाचे व्याज वजा करावे. यातून तोटा आला, तर जुन्या करपद्धतीत तो पगाराच्या उत्पन्नातून वर्षाला 2 लाखांपर्यंत वजा होतो. नव्या करपद्धतीत तसा वजा होत नाही. ज्याने नवी पद्धत स्वीकारली आहे आणि तरीही ‘कर वाचेल’ म्हणून जो दुसरे घर घेतो आहे, त्याने सही करण्यापूर्वी एकदा आपल्या सनदी लेखापालास भेटावे.

मग हे घर घ्यावेच का? माझे मत असे की, राहते घर कर्जमुक्त झाले आहे, सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूस आहे, आणि किमतीपैकी निम्म्याहून अधिक पैसा स्वतःजवळ आहे, अशा माणसाने ते अवश्य घ्यावे. कारण निवृत्तीनंतर दरमहा येणारे, महागाईबरोबर थोडेथोडे वाढणारे उत्पन्न देणारी साधने सामान्य माणसाजवळ फार नसतात. इतरांनी थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही.

घर निवडताना स्वतःच्या आवडीचा प्रश्नच मनातून काढून टाकावा लागतो, आणि हे वाटते त्याहून अवघड आहे. खिडकीतून टेकडी दिसते किंवा उगवता सूर्य दिसतो याचे मोल तेथे राहणाऱ्या माणसाच्या लेखी किती, हे तोच ठरविणार. हिंजवडीत कामाला जाणारा तरुण अभियंता, चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पाळीने काम करणारा कामगार, मोठ्या रुग्णालयातील परिचारिका, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली, यांच्यापैकी आपल्या घरात कोण राहावयास येणार, हे आधी मनाशी ठरवावे, आणि त्याच्या कामाच्या ठिकाणापासून त्या घरापर्यंत सकाळी नऊ वाजता स्वतः जाऊन पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत जाऊन पाणी किती वाजता येते, टँकर मागवावा लागतो काय आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये किती चढतो, हे पहारेकऱ्याला आणि तळमजल्यावरच्या गृहिणीला विचारावे. पुण्याच्या नव्या उपनगरांत भाडेकरू पहिल्या वर्षाअखेर घर सोडतो तो पुष्कळदा पाण्यामुळेच सोडतो. एका शयनगृहाच्या घरास गिऱ्हाईक लवकर मिळते आणि ते रिकामे राहिले तरी मालकाचे कंबरडे मोडत नाही, म्हणून पहिली खरेदी लहान घराचीच असावी.

कागदपत्रांचा तपास वकिलाने करावयाचा असला तरी काय पाहावयाचे हे मालकास ठाऊक असावे. मागील तीस वर्षांच्या मालकीचा शोध, जमिनीचे मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, महापालिकेचा भोगवटा दाखला, जुन्या खरेदीखतांची साखळी व त्यांच्या सूची क्रमांक दोन, संस्थेचा भागदाखला, बँकेचा बोजा उतरल्याचे पत्र आणि संस्थेची व वीजबिलाची थकबाकी नसल्याचा दाखला, इतके कागद नजरेखालून गेल्याशिवाय बयाणा देऊ नये. जुन्या इमारतीत आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे काय? ते झाले नसेल तर इमारत संस्थेची आणि जमीन अद्याप विकासकाची किंवा मूळ जमीनमालकाची, अशी स्थिती असते, आणि पुनर्विकासाच्या वेळी ती डोके वर काढते. नवीन बांधकाम घेत असाल, तर मे 2017 पासून कार्यरत असलेल्या महारेरा या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद, ताबा देण्याची तारीख आणि चटईक्षेत्र तपासता येते; परंतु ज्यास भाडे लवकर सुरू करावयाचे आहे त्याने उभे, नांदते घरच घ्यावे.

आता भाडेकरूविषयी, आणि येथे मला थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या सोसायट्यांतून आडनाव ऐकून, धर्म विचारून, मांसाहार करता काय अशी चौकशी करून, किंवा एकटी स्त्री आहे म्हणून, चांगल्या माणसांना दारातूनच परत पाठविले जाते, आणि हे सर्व ‘चौकशी’ या सभ्य नावाखाली चालते. ही चौकशी नव्हे, हा अन्याय आहे; शिवाय व्यवहाराच्या दृष्टीने ती निरुपयोगीही आहे, कारण भाडे वेळेवर देण्याचा आडनावाशी काडीचाही संबंध नाही. विचारावयाचे ते नोकरीचे ठिकाण, पगाराचा पुरावा, आधीच्या घराचा करार, आणि शक्य झाल्यास आधीच्या मालकाचा दूरध्वनी. आधीच्या मालकाशी पाच मिनिटे बोलल्याने जे कळते ते दहा कागदांतून कळत नाही. नव्या भाडेकरूची माहिती स्थानिक पोलिस ठाण्यास कळवावी. मुंबई-पुण्यात पोलिस आयुक्तांचे त्याविषयी आदेश निघतात आणि हे काम आता घरबसल्या होते. सोसायटीस करार झाल्याचे कळवून त्याची प्रत द्यावी. परंतु भाडेकरू कोण असावा हे ठरविण्याचा अधिकार सोसायटीच्या चिटणिसाच्या हाती आपण होऊन देऊ नये.

करारात भाडे, मुदत, वाढ, अनामत आणि सूचनेचा काळ हे तर सर्वच लिहितात. राहून जाते ते लहानसहान. माझ्या स्वतःच्या पहिल्या करारात पाणी तापविण्याचा गिझर बिघडला तर दुरुस्ती कोणी करावयाची हे लिहिलेले नव्हते, आणि सातव्या महिन्यात तो बिघडला. दीड हजार रुपयांच्या त्या खर्चावरून एका सज्जन कुटुंबाशी माझे जे वाजले ते आजही मनास लागून राहिले आहे. तेव्हापासून मी पंख्यांची, दिव्यांची, नळांची यादी करारास जोडतो, घराची छायाचित्रे दोघांच्या देखत काढतो, आणि झीज होऊन बिघडेल ते माझे, निष्काळजीपणाने मोडेल ते राहणाऱ्याचे, असे एक कलम साध्या मराठीत घालतो. भाडे बँकेतूनच घ्यावे. रोख घेतले तर पावती द्यावी. ती देणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे.

भाडे थकले तर काय, हा प्रश्न प्रत्येक नवख्याच्या मनात असतो. पहिल्या महिन्यात समक्ष भेटून कारण विचारावे, कारण आजार आणि नोकरी जाणे या गोष्टी चांगल्या माणसांच्या वाट्यालाही येतात. दुसऱ्या महिन्यात लेखी नोटीस द्यावी. आणि मुदत संपूनही कब्जा मिळाला नाही, तर कलम 24 चा मार्ग धरावा. रागाच्या भरात पाणी बंद करणे, वीज तोडणे, कुलूप बदलणे हे प्रकार कधीही करू नयेत. भाडे नियंत्रण कायद्यात अत्यावश्यक पुरवठा तोडणाऱ्या मालकास शिक्षेची तरतूद आहे, आणि ज्या घरात लहान मूल आहे त्या घराचे पाणी तोडणाऱ्यास कायद्याने शिक्षा दिली नाही तरी त्याची बाजू मांडण्यास मी उभा राहणार नाही.

राहिला तो शेवटचा दिवस. अनामत रकमेवरून मालक-भाडेकरूंत जितके तंटे होतात तितके भाड्यावरूनही होत नाहीत, आणि त्यांचे कारण बहुधा हेच असते की, मालकाने ती रक्कम आपलीच समजून खर्च करून टाकलेली असते आणि मग भिंतीवरचा प्रत्येक खिळा त्याला नुकसान वाटू लागतो. ती रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवावी. घर सोडण्याच्या दिवशी यादी हाती घेऊन दोघांनी खोल्या फिराव्यात, वीजबिलाची बाकी तेथेच मांडावी, आणि भाडेकरूचा टेम्पो फाटकाबाहेर पडण्यापूर्वी उरलेली अनामत त्याच्या खात्यात जमा करावी. त्याला पुढच्या घराची अनामत त्याच दिवशी भरावयाची असते.